पोरांना पाटाच्या पाण्याचे मूळ दाखवा

मंडळी, ज्वारीची कोळपणी उरकली आहे, गव्हाला पहिले पाणी देऊन झाले आहे आणि ऊसतोडीची टोळी अजून तुमच्या फडात उतरलेली नाही, असे दोन-तीन दिवस या हंगामात निघतात. निघत नसले तर काढावेत. धारा भावकीतल्या कुणाकडे सोपवाव्यात, पुढे त्यांच्या धारा आपण काढाव्यात, आणि पोरांना घेऊन डोंगरात जावे. देवाला नव्हे, लग्नाला नव्हे. पाठीवर शिदोरी आणि खांद्यावर गळाची काठी घेऊन एखाद्या धरणाच्या वरच्या अंगाला जावे, जिथे डोंगर थेट पाण्यात उतरतात.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या पोराला डोंगर आणि पाणी काय दाखवायचे? ते मुंबईकरांनी पाहावे. पण खरे सांगा, बारामती-इंदापूरकडच्या किंवा फलटण-माळशिरसच्या किती पोरांना ठाऊक आहे, की आपल्या चारीला येणारे पाणी कुठून निघते? पोराला पाटकरी माहीत असतो, पाळी माहीत असते, बाप रात्री दोनला बॅटरी घेऊन दारे धरायला जातो तेही माहीत असते. पाण्यावरून झालेली भांडणे तर तोंडपाठ असतात. पाण्याचे मूळ मात्र त्याने पाहिलेले नसते. कित्येकदा बापानेही नाही.

नीरेच्या कालव्यांचे उदाहरण घ्या. वीरच्या धरणातून डावा कालवा बारामती-इंदापूरकडे जातो आणि उजवा फलटण-माळशिरसकडे. या पाण्याचा मोठा साठा आहे भोरजवळच्या भाटघर धरणात. वेळवंडी नदीवरचे हे धरण १९२० च्या दशकात बांधून झाले आणि त्यात सुमारे २३.५ टीएमसी पाणी मावते. धरणाची भिंत भोरपासून जवळ आहे, पण भिंत पाहून परत फिरू नका. भिंतीत पाहण्यासारखे थोडे, पोराला कंटाळा फार. भोरच्या एसटी स्थानकावर चौकशी करून खोऱ्यात वर, वेळवंड किंवा भुतोंड्याच्या बाजूला जावे, गावाच्या बरेच अलीकडे उतरावे आणि उरलेली वाट पायी तुडवावी. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला डोंगर, आणि वर राजगड. रायगडाच्या आधी महाराजांची राजधानी इथे होती हे पोराने पुस्तकात वाचलेले असते. त्याच गडाच्या पायथ्याचे पाणी आपल्या उसाला येते, हे पुस्तकात नसते.

ओझ्याचे थोडे सांगतो. शाळेच्या दप्तराला सरकारने २०२० मध्ये जे माप घालून दिले, ते इथेही चालते: पोराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझे नको. पंचवीस किलोच्या पोराला अडीच किलो पुरे. त्याची स्वतःची चादर, पाण्याची बाटली, गुळाचा खडा आणि गळाचे सामान त्याच्याच पाठीवर द्यावे. बाकी सगळे आपण घ्यावे. पण काहीच न देणे बरे नव्हे. ज्याच्या पाठीवर काही नसते ते पोर पहिल्या चढालाच कुरकुरू लागते. शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. दुसऱ्या दिवसासाठी तांदूळ, मीठ, हळद, तिखट. एक घोंगडी, दोन बॅटऱ्या, काडेपेटी आणि एक चांगली लांब दोरी. पायात चप्पल नको, बूट हवेत. आणि वहिनी, या यादीपुरतेच तुम्हाला ठेवून दादा एकटे पोरांना घेऊन निघाले, तर त्यांना अडवा. तुम्हीही चला, आणि पोरीलाही घ्या. गळाला मासा लागताना समोर मुलगा आहे की मुलगी हे तो पाहत नाही.

मुक्काम पाण्याच्या काठावर तंबू ठोकून करण्याची टूम हल्ली पुष्कळ ठिकाणी निघाली आहे. तिथे पैसे मोजून लोक रात्रभर गाणी लावतात. आपल्याला त्याची गरज नाही. गावात जावे, देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर जागा मागावी. जाताना आपल्या घरचा गूळ आणि शेंगा न्याव्यात. रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि याला निव्वळ रीतीपलीकडचे कारण आहे.

पोर पाण्याकडे बघून केव्हातरी विचारणारच, "याच्या खाली काय आहे?" त्याला खरे उत्तर द्या. याच्या खाली शेते आहेत. नदीकाठची, खोऱ्यातली सर्वांत चांगली जमीन. उन्हाळ्यात पाणी उतरले की वेळवंडच्या बाजूला जुने शिवमंदिर उघडे पडते, आणि उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांची जमीन गेली ते वर डोंगराच्या उतारावर भात आणि नाचणी करतात, तीही पावसाच्या भरवशावर. पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि जाते आपल्या फडाला. आपण त्यांचे पाहुणे आहोत, गिऱ्हाईक नव्हे. पोराला हे दहाव्या वर्षी कळलेले बरे. पुढे ते पाळीवरून भांडायला उभे राहील तेव्हा निदान एवढे आठवेल, की या पाण्याची किंमत कुणीतरी आधीच मोजलेली आहे.

आता मासे. धरणात मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. म्हणून गावात आधी विचारावे. दोन पोरांना काठीने चार मासे धरायचे आहेत म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट कुठे बसायचे तेही दाखवतात. नाही म्हणाले तर ते ऐकावे, आणि जाळी टाकताना नुसते बघत बसावे. तेही काही कमी नाही. अभयारण्याच्या हद्दीतले पाणी असेल तर गळ पिशवीतच राहू द्यावा.

महागडी काठी विकत घेऊ नका. हिरवा नसलेला, सरळ, दीड पुरुष उंचीचा बांबू, काठीएवढीच लांब नायलॉनची दोरी आणि बारीक गळ पुरेत. तरंगायला मोराच्या पिसाची दांडी उत्तम, नाहीतर ज्वारीच्या वाळल्या धाटातले भेंड आपल्या घरचेच असते. तरंगापासून गळ हातभर खाली. गळाच्या टोकाला आत जो उलटा काटा असतो तो पक्कडीने दाबून सपाट करावा. त्याने एखादा मासा निसटेल, पण पोराच्या बोटात गळ घुसला तर तो सरळ बाहेर येईल. गळ फेकताना मागे कुणी उभे नाही हे पाहायची सवय पहिल्याच फेकीला लावावी. तुटलेली दोरी काठावर टाकू नये, बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायात ती अडकते.

आमिषाला ओल्या बांधातली गांडुळे न्यावीत, ओल्या मातीच्या डब्यात, झाकणाला भोके पाडून. नाहीतर कणीक घट्ट मळून त्यात थोडी शेंगदाण्याची पेंड घालावी. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे उठून बसण्यात अर्थ नाही. ऊन चढून काठचे पाणी जरा कोमट झाले की मासे तोंड लावू लागतात.

पोरांना बहुधा चिलापी मिळेल. हा मासा आपल्या देशातला नव्हे, १९५२ मध्ये बाहेरून आणला गेला. त्याने पुष्कळ पाण्यांत आपल्या जुन्या माशांची जागा बळकावली. तो काठाशी राहतो, कणकेवर लगेच येतो आणि खायला बरा लागतो. तेव्हा तो खुशाल घ्यावा. मिशांचा शिंगाळा लागला तर मात्र मोठ्यांनी पुढे व्हावे, त्याच्या दोन्ही बाजूंचे आणि पाठीवरचे काटे हाताला झोंबतात. आणि कधी नशिबाने जाड ओठांचा, मोठ्या खवल्यांचा खडस, म्हणजे महाशीर, लागला तर हात ओले करून गळ काढावा, पोराला डोळे भरून पाहू द्यावा आणि पाण्यात सोडावा. हा मासा वाचावा म्हणून लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पिल्ले तयार करून सोडली आहेत. पोर रडेल. रडू द्या, तासाभराने तेच सगळ्यांना सांगत सुटेल, की मी एवढा मोठा मासा सोडून दिला!

तासन् तास काही लागणार नाही असाही दिवस निघतो. अशा वेळी बापाने मोबाइल काढू नये. वर्षभर जी बोलणी नुसती "अभ्यास कर" आणि "म्हशीला पाणी दाखव" एवढ्यावर संपतात, ती इथे जरा लांबतात.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो ते. धरणाच्या पाण्यात पोरांना उतरू देऊ नका. आपल्याकडे पोराच्या पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवतात, ते चांगलेच आहे. पण विहिरीत पोहणाऱ्याला धरणाचे पाणी ओळखीचे नसते. काठाला गाळ असतो, वरून वाळलेला दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की जुना बांध, पडकी विहीर, नाहीतर नदीची मूळ दरड लागते. बुडणाऱ्याला काढायला दुसरा उडी घेतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एकाच घरातले तिघे जातात. दर उन्हाळ्यात अशी बातमी आपण वाचतो. म्हणून गळ टाकण्याआधी पोरांना एक गोष्ट करून दाखवा. पाच लिटरचा रिकामा डबा झाकण घट्ट लावून दोरीला बांधा, आत वाटीभर पाणी ठेवा म्हणजे तो वाऱ्याने उडणार नाही, आणि काठावर उभे राहून लांब फेका. मग पोरांकडून दहा-दहा वेळा फेकून घ्या. त्यांना तो खेळच वाटेल. कुणी बुडत असेल तर उडी घ्यायची नाही, हा डबा फेकायचा, काही नसेल तर काठी, साडी, फेटा पुढे करायचा आणि ओरडायचे. हे त्यांच्या हातांना ठाऊक झाले पाहिजे.

आणि घरी परतल्यावर, अंथरुणे सोडायच्या आधी, आपल्या शेततळ्याकडे एक चक्कर मारा. प्लॅस्टिकच्या कागदाचे तळे धरणापेक्षा वाईट. पोहता येणारा माणूसही त्या घसरड्या उतारावरून वर येऊ शकत नाही. चारी बाजूंना हात-हात अंतरावर गाठी मारलेली जाड दोरी बांधा, वरचे टोक पक्क्या खुंटाला आणि खालचे पाण्यात पार आतपर्यंत सोडलेले. एका कोपऱ्यात हवा भरलेली ट्रॅक्टरची जुनी ट्यूब ठेवा, कुंपणाला फाटक लावा. खुंट ठोकताना पोरांनाच दोरी धरायला सांगा. गाठी कशा मारायच्या हे गळ बांधताना त्यांनी शिकलेलेच असेल.