बालधारण : एक उपेक्षित उपदेश

प्रसूतीनंतर दीड-दोन महिन्यांनी तपासणीस येणाऱ्या तरुण माता-पित्यांच्या अंगावर अलीकडे एक वेगळे वस्त्र दिसू लागले आहे. कोणी चार-पाच मीटर लांबीची सुती पट्टी छाती-खांद्यांवरून फिरवून तिच्यात बाळ बांधून आणते, कोणी एका खांद्यावरून तिरकी जाणारी, कड्यांनी आवळण्याची झोळी वापरते, तर कोणी पट्टे व बकले असलेले तयार ‘बेबी कॅरिअर’. शहरांत हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. बरोबर आलेली आजी मात्र साशंक असते. ‘असं बांधून ठेवलं तर पोराचे पाय फेंगडे नाही का होणार?’ हा तिचा प्रश्न आमच्याप्रमाणेच अनेक वाचक वैद्यांनी ऐकला असेल.

या प्रश्नास वैद्यवर्गाकडून सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले असे की, हे सारे परदेशी थेर आहेत. आपली मांडी आणि आपला पाळणा बरा. दुसरे असे की, यात नवीन ते काय? आमच्या कष्टकरी स्त्रिया पिढ्यानपिढ्या मुले पाठीशी बांधून शेतात राबत आल्या आहेत. हे ज्ञान मुळात आमचेच. एका उत्तरात तुच्छता आहे, दुसऱ्यात अभिमान आहे. परंतु समोरच्या बाळाची मान कशी आहे, मांड्या कशा आहेत, त्याचा श्वास मोकळा आहे की नाही, हे पाहण्याचे कष्ट दोहोंतही नाहीत. बालधारण हा बालोपचाराचाच एक भाग असून त्याचा उपदेश करणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य आपण बव्हंशी टाळत आलो आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आम्हांस कोणत्या प्रसंगाने पटले, ते सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एक माता आपल्या सात आठवड्यांच्या मुलीला खांद्यावरच्या झोळीत घालून आमच्याकडे आली होती. तक्रार तिच्या स्वतःच्या कटिशूलाची होती. जाता जाता तिने विचारले, ‘अशी झोळी वापरली तर चालेल ना?’ आम्ही पहिल्या प्रकारचे उत्तर देऊन विषय हसण्यावारी नेला. ती दारापर्यंत पोहोचली असताना आमच्याकडील परिचारिकेने तिला थांबवले. ‘ताई, बाळाचं तोंड दिसत नाहीये,’ एवढेच ती म्हणाली. कापड सैल झाल्याने मुलगी आत घसरली होती, तिची हनुवटी छातीस टेकली होती आणि नाकावर कापडाची घडी आली होती. मातेस वाटत होते की, बाळ गाढ झोपले आहे. बाहेर काढताच मुलगी दीर्घ श्वास घेऊन रडू लागली आणि पुढे काही झाले नाही. परंतु प्रश्न आम्हांस विचारला गेला होता, बाळ आमच्या समोर होते, आणि पाहिले ते परिचारिकेने. याचे शल्य आजही आहे.

वास्तविक या विषयावर आपले ग्रंथ मूक नाहीत. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात बाळास कसे घ्यावे याचा निर्देश ‘गात्रसुख’ या शब्दाने केला आहे. बाळाच्या अवयवांना सुख होईल असे त्याला घ्यावे, त्याला एकाएकी जागे करू नये, वातादींच्या बिघाडाच्या भयास्तव अकस्मात उचलू वा उडवू नये, आणि कुबड येण्याच्या भयास्तव अकाली बसवू नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. वारा, ऊन इत्यादींपासून बाळाचे रक्षण करण्याचेही तेथेच सांगितले आहे. चरकाचार्य शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बाळाची शय्या, आसन व पांघरुणे मृदू, हलकी, शुचि व सुगंधी असावीत असे सांगतात. घाम व मलमूत्राने दूषित झालेली वस्त्रे वर्ज्य मानतात. आणि दुसरी उपलब्ध नसतील तर तीच धुऊन, धुरी देऊन, वाळवून वापरण्याची मुभाही देतात. ज्या कापडात बाळ दिवसाचे दोन-चार तास राहणार, त्या कापडास हा नियम लागू होत नाही असे कोण म्हणेल?

काही विद्वान वैद्य येथे आक्षेप घेतात. अकाली बसवू नये असे सुश्रुत सांगत असता, दोन महिन्यांच्या बाळास उभे धरून बांधणे हे शास्त्रविरुद्ध नव्हे काय? आमच्या मते या निषेधाचा हेतू लक्षात घेतला पाहिजे. ज्या पृष्ठवंशास अद्याप बळ आलेले नाही, त्यावर आधाराविना भार पडू नये, हा तो हेतू होय. बाळ मातेच्या छातीस टेकलेले आहे, कापडाने त्याची पाठ तिच्या नैसर्गिक गोलाईत सर्व बाजूंनी धरली आहे, मान सावरलेली आहे, तर तेथे उपवेशन नाही. ते मातेच्या अंगावर निजलेलेच आहे. याउलट कापड ढिले असून बाळ आत गाठोड्यासारखे कोसळले असेल, तर ज्या अवस्थेचे आचार्यांना भय होते तीच अवस्था आपण निर्माण करीत असतो. म्हणजे साधन ग्राह्य की त्याज्य हे त्याच्या नावावरून वा देशावरून ठरत नाही. ‘गात्रसुख’ साधते की नाही, यावरून ठरते.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. सुश्रुतांनी वंक्षणसंधीची गणना उलूखल प्रकारच्या संधींत केली आहे. ही उपमा बालरुग्णाच्या बाबतीत फार बोधक आहे. नवजात बाळाच्या खुब्याचे उखळ अद्याप उथळ व कूर्चामय असते. मांडीच्या हाडाचा गोल त्यात मध्यभागी बसून राहिला, तर त्याच्याभोवती उखळ नीट घडते. तो सतत बाहेरच्या बाजूस ओढला गेला, तर उखळ उथळ राहण्याची व सांधा सरकण्याची शक्यता वाढते. मांड्या पोटाकडे दुमडलेल्या व बाजूंना फाकलेल्या असताना हा गोल सर्वांत सुरक्षित बसतो. गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर, आणि एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत मांड्यांखाली कापडाचा आधार, ही ती स्थिती. मोठ्या बाळास कडेवर घेतले की ती आपोआप साधते. तेव्हा आजींना सांगावे की, मांड्या फाकल्याने पाय फेंगडे होत नाहीत. त्यांनी स्वतः मुले ज्या कडेवर वाढवली, तीच ही स्थिती आहे.

परंतु त्याच आजी बाळाचे दोन्ही पाय सरळ ताणून, जुळवून, दुपट्यात घट्ट आवळतात आणि त्याने पाय सरळ होतात असे मानतात. येथे मात्र परंपरेची भीड बाळगता येणार नाही. जपानमध्ये बाळांचे पाय सरळ ताणून गुंडाळण्याच्या प्रथेविरुद्ध १९७५ च्या सुमारास देशव्यापी लोकशिक्षण हाती घेण्यात आले, आणि शेकडा एकाहून अधिक असलेले खुबा सरकण्याचे प्रमाण शेकडा अर्ध्याहूनही खाली आले. केवळ गुंडाळण्याची पद्धत बदलून एवढे साधत असेल, तर दुपटे छातीपाशी बेताचे आणि मांड्यांपाशी सैल ठेवा, हे सांगण्यास आपल्याला कोणती अडचण आहे? तयार कॅरिअरमध्ये बाळ अरुंद पट्टीवर बसून पाय खाली लोंबकळत असतील, तर त्याने सांधा बिघडतोच असे सिद्ध झालेले नाही. तथापि पहिल्या सहा महिन्यांत, जेव्हा हा सांधा झपाट्याने घडत असतो, तेव्हा रुंद बैठकीचे साधन निवडणे हेच शहाणपणाचे. ज्या बाळाचा जन्म पायाळू झाला आहे किंवा ज्याच्या घरात या विकाराचा इतिहास आहे, त्याचे खुबे मुद्दाम तपासून घ्यावेत व शंका येताच अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

खुब्याहूनही तातडीचा विषय श्वासाचा आहे. अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये झोळीच्या प्रकारातील साधनांविषयी जाहीर इशारा दिला. त्यापूर्वीच्या २० वर्षांत या साधनांशी निगडित किमान १४ बालमृत्यूंची नोंद त्यांच्याकडे होती, आणि त्यांतील १२ बाळे चार महिन्यांहून लहान होती. पुढे २०१८ पासून तेथे या साधनांस सक्तीचे सुरक्षा मानक लागू झाले. मृत्यूंची ही संख्या वापराच्या मानाने थोडी असली, तरी त्यामागचे कारण प्रत्येक वैद्याने समजून घ्यावे असे आहे. लहान बाळाचे डोके जड व ग्रीवा दुर्बल असते. हनुवटी छातीस टेकली की त्याचा मृदू श्वासमार्ग दुमडतो, आणि नाक कापडात रुतले तर ते मान फिरवून सोडवून घेण्याचे बळ त्याच्यात नसते. अशा वेळी बाळ आक्रोश करीत नाही. ते शांतच होत जाते. ही शांतताच घातक असते. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा प्रतिश्यायाने नाक चोंदलेले बाळ असेल, तर धोका अधिक.

मग हा उपद्व्याप हवाच कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर असे की, बाळास अंगाशी घेण्याचे लाभ खरे आहेत. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये डॉ. एदगार रे यांनी कमी वजनाच्या बाळांस मातेच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली, तीच आज ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून जगन्मान्य आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक ते १.८ किलोच्या दरम्यान वजनाच्या बाळांस जन्मतःच ही सेवा मिळू लागल्यावर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १५.७ वरून १२ वर आले. अर्थात ती रुग्णालयातील देखरेखीखालची सेवा होय. बाजारातल्या झोळीस तिचे श्रेय देऊ नये, आणि अशा नाजूक बाळासाठी ती झोळी परस्पर सुचवूही नये. निरोगी बाळांविषयी बोलायचे तर, माँट्रियल येथील १९८६ च्या अभ्यासात दिवसातून काही तास अधिक घेतलेली बाळे सहाव्या आठवड्यात शेकडा ४३ कमी रडली. पुढच्या काही अभ्यासांत मात्र असा परिणाम दिसला नाही. म्हणून ‘झोळी घ्या, रडणे थांबेल’ असे आश्वासन वैद्याने देऊ नये. अंगाशी घेणे हितकर आहे, एवढे निश्चित सांगावे.

परंपरेविषयी आणखी एक गोष्ट. बांधकामावर किंवा उसाच्या फडात झाडाच्या फांदीला टांगलेली झोळी पाहून आपण तिचे गुणगान करतो, हे आम्हांस योग्य वाटत नाही. ती झोळी त्या मातेने हौसेने निवडलेली नसते. पाळणाघर नाही व मजुरी बुडवता येत नाही, म्हणून ती असते. तिच्यात बाळ वाकून निजते आणि त्याच्यावर कोणाचीही नजर नसते. अशी माता आपल्याकडे आली, तर तिला दोष देऊ नये व तिची स्तुतीही करू नये. बाळाचे तोंड कसे मोकळे ठेवावे, झोळीजवळ मोठे भावंड तरी कसे बसवावे, हे सांगावे.

मातेच्या शरीराचाही विचार हवा. सुश्रुतांनी सूतिकाकाल दीड महिन्याचा मानला आहे. या काळात कटी व उदर दुर्बल असतात, आणि शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल तर व्रणही ताजा असतो. म्हणून आरंभी थोडा वेळच बाळ बांधावे, ते नाभीच्या वर, छातीपाशी असावे, दोन्ही खांद्यांवर भार समान यावा, आणि व्रणावर पट्टा येऊ नये. पित्यानेही हे काम अवश्य करावे. त्याच्या खांद्यास सूतिकाकाल नाही.

आमच्या चिकित्सालयात आता आम्ही प्रत्येक मातेला साधन अंगावर चढवून दाखवण्यास सांगतो. या तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत. बाळाचा चेहरा मान खाली घालताच दिसतो का? त्याच्या माथ्याचे चुंबन सहज घेता येईल इतके ते उंच आहे का? हनुवटी आणि छाती यांत दोन बोटे सरकतात का? पाठ आवळून धरली आहे का, की माता पुढे झुकताच बाळ अंगापासून सुटते? मांड्या आधारलेल्या आहेत का? कापड सुती, स्वच्छ, उसवलेले नाही ना? बाळाची मानेमागची त्वचा घामाने ओली तर नाही? वैशाखात दोन शरीरांची उष्णता एकत्र येते, हे विसरून चालत नाही. बाळ बांधलेले असताना चुलीपाशी काम करू नये, वाकायचे असल्यास कंबरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे, आणि निजताना बाळ सोडून पाठीवर निजवावे, हेही सांगतो.

आणि दुचाकी! छातीशी बाळ बांधून स्कूटरवर निघालेली जोडपी रोज दिसतात. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चार वर्षांखालील मुलास दुचाकीवर सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढे शिरस्त्राण, आणि वाहनास ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आवश्यक आहे. बेबी कॅरिअर म्हणजे सुरक्षा पट्टा नव्हे. मान न धरणाऱ्या बाळास दुचाकीवर नेऊच नये, हे आपण निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

सूतिकेस आहार, अभ्यंग, धूपन यांविषयी आपण तासभर उपदेश करतो. त्यात बालधारणाचा एक परिच्छेद वाढवावा, संघटनेच्या शाखांनी आपल्या सुवर्णप्राशन शिबिरांत ही पाच मिनिटांची तपासणी जोडावी, आणि कौमारभृत्याच्या अध्यापकांनी ‘गात्रसुख’ हा शब्द परीक्षेपुरता पाठ करून न घेता विद्यार्थ्यांच्या हाती बाळ देऊन शिकवावा, अशी आमची विनंती आहे. बाळ स्वतः काही सांगू शकत नाही, आणि श्वास कोंडत असेल तेव्हा तर मुळीच सांगत नाही. ते पाहण्यासाठीच मातेने त्याला आपल्यासमोर आणलेले असते.