आधी आमचे पोल उभे करा

"तुम्हां कोकणातल्या लोकांना लाईट हवी, गॅस हवा, मोबाईल हवा, आणि प्रकल्प म्हटला की नको!" हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकतोय. कधी पुढाऱ्याच्या भाषणात, कधी मुंबईच्या पेपरात, आणि मे महिन्यात तर आमच्याच पडवीत. सांगणारा आमचाच चाकरमानी पुतण्या. खुर्ची आमची, डोक्यावरचा पंखा आमचा, हातातली सोलकढी आमची. घरातल्या घरात उत्तर दिलं की भांडण होतं आणि आंब्याची पेटी न घेताच मंडळी गाडीत बसतात. म्हणून लिहून देतो. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी आहे, पण बिलावरचे आकडे वाचता येतात.

कोकणाने वीजप्रकल्प घेतले नाहीत हे आधी कोणी ठरवलं? कोयनेचं वीजघर पोफळीला आहे, म्हणजे चिपळूण तालुक्यात, कोकणातच. दाभोळला एन्रॉनचा प्रकल्प झाला. जयगडला कोळशावरचा १२०० मेगावॅटचा चालू आहे. जैतापूरला अणुवीजेसाठी साडेनऊशे हेक्टरच्या आसपास जमीन घेऊन ठेवलेली आहे. एवढं दिल्यावरही आम्ही 'विकासविरोधी'. मलबार हिलवर चिमणी उभी करा असं म्हणणारा माणूस मात्र अजून मला भेटायचा आहे.

आमच्या सिंधुदुर्गाची पाळी २००६-०७ च्या सुमारास आली. केंद्र सरकारने अल्ट्रा मेगा म्हणून जे प्रकल्प काढले त्यातला एक, ४००० मेगावॅटचा, आधी विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावात येणार होता. देवगडचे बागायतदार उठले. मग जागा बदलून मुणगे ठरली. आचऱ्याहून मुणगं काही लांब नाही, त्यामुळे मालवण तालुक्यातही बैठका सुरू झाल्या. राखेने हापूसचा मोहोर जळेल, समुद्रात गरम पाणी सोडलं की मासळी जाईल, हे सगळं तेव्हा बोलून झालंय. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला दुसराच प्रश्न पडला होता आणि तो त्या बैठकांत कोणी विचारला नाही. कोळसा येणार कुठून?

कोळसा येणार होता बाहेरच्या देशातून, बोटीने. म्हणून तर किनारा हवा होता. आता बघा. त्याच योजनेतला, तेवढाच मोठा प्रकल्प गुजरातेत मुंद्र्याला टाटांनी घेतला. युनिटला २ रुपये २६ पैसे अशी बोली लावली. एवढी स्वस्त वीज म्हणून टाळ्या पडल्या. मग इंडोनेशियाच्या सरकारने ठरवलं की आमचा कोळसा यापुढे बाजारभावानेच जाईल. त्यांचा कोळसा, त्यांचा कायदा, आपण काय बोलणार? गणित फसलं. कंपनी म्हणू लागली दर वाढवून द्या, राज्यं म्हणू लागली करार तो करार, आणि हा वाद २०१७ पर्यंत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. हीच कथा मुणग्यात झाली असती, आणि वर आमची कलमंही गेली असती.

दाभोळची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण लोक फक्त राजकारण आठवतात. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ ला चालू झाला. २००१ साली राज्याच्या वीज मंडळाला ती वीज परवडेना, खरेदी थांबली आणि प्रकल्प बंद. त्याच वर्षाच्या शेवटी खुद्द एन्रॉन कंपनीचं अमेरिकेत दिवाळं निघालं. पुढे सरकारी कंपन्यांनी तो उचलला, आणि आंध्रच्या समुद्रातला गॅस कमी झाला तशी २०१३ च्या सुमाराला भट्टी पुन्हा थंड. इंधन आपल्या हातात नाही, किंमत आपल्या हातात नाही, आणि नाव काय, तर देशाची ऊर्जासुरक्षा! माझ्या शेजाऱ्याकडे बैल आहे म्हणून माझं शेत नांगरून झालं असं मी कधी समजत नाही.

जैतापूरला निदान धूर नाही, हे मी मान्य करतो. अणुवीज म्हणजे लगेच बॉम्ब असं ओरडणाऱ्यांतला मी नाही. पण १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे ९९०० मेगावॅट, जगात एका जागी एवढं क्वचितच कुठे असेल. तंत्र फ्रान्सचं. २०११ च्या मार्चमध्ये जपानात फुकुशिमा झालं आणि पुढच्याच महिन्यात इथे आंदोलनावर गोळी चालली, त्यात एक मच्छीमार गेला. ज्या माणसांना जन्मभर त्या भट्टीच्या शेजारी राहायचंय त्यांचं ऐकून घ्यायची ही रीत? तेव्हापासून आजपर्यंत तिथून वीजेचं एक युनिट निघालेलं नाही. जमीन मात्र गेली.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. समजा, मुणग्याचा प्रकल्प झाला असता. समजा, जैतापूरही झालं असतं. तर आमच्या वाडीत लाईट टिकली असती काय?

१६ मे २०२१. ताउक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. लॉकडाऊनचे दिवस, शेवटचा आंबा अजून झाडावर. माड मुळासकट पडले, आणि पडले ते बरेचसे तारांवर. पोल एकामागून एक असे वाकले की दूरवरून वाटावं कोणी भात लवतंय. आमच्या वाडीत बाराव्या दिवशी लाईट आली. त्या बारा दिवसांत महाराष्ट्रात वीज कमी होती काय? मुळीच नाही. मुंबईचे एसी चालूच होते. वीज भरपूर होती, फक्त ती आमच्यापर्यंत आणणारा ११ केव्हीचा पोल आडवा पडला होता. मोठ्या प्रकल्पाची वीज चारशे केव्हीच्या मनोऱ्यांवरून घाट चढून जाते. मनोऱ्याच्या सावलीत राहणाऱ्याला ती मिळत नाही. त्याला मिळते ती गावच्या डीपीतून, गंजलेल्या तारेतून.

बारा दिवस म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगतो. पंप बंद, म्हणजे विहिरीचं पाणी हाताने. राट तर आम्ही केव्हाच काढून टाकला होता, तेव्हा दोरी आणि कळशी. माझी वहिनी सत्तरीची, तिने चार दिवस पाणी ओढलं आणि मग खांदा धरून बसली. मासे विकणाऱ्या बायकांना बर्फ नाही, कारण बर्फाच्या कारखान्याला वीज नाही. गावात ऑक्सिजनचं मशीन लावलेला एक पेशंट होता, त्याला भाड्याच्या जनरेटरवर ठेवला, आणि डिझेलसाठी मुलगे झाडं तोडत तोडत रस्ता काढत गेले. गंमत म्हणजे एकाने नुकतीच छपरावर सोलर पॅनल बसवली होती. लोक आशेने त्याच्याकडे मोबाईल घेऊन गेले, तर त्याच्याही घरात काळोख! कारण ती पॅनल ग्रीडला जोडलेली. ग्रीड गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. पोलावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून ते तसंच असायला हवं, हे बरोबर आहे. पण विकणाऱ्याने ते आधी सांगितलं नव्हतं. बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

आजची सूर्यघर योजना चांगली आहे, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, बिल उतरतं. त्यात बॅटरीला अनुदान कुठे आहे? उन्हाळ्यात जिथे रोज ऊन आणि पावसाळ्यात चार महिने काळोख, खाऱ्या वाऱ्याने नटबोल्ट दोन वर्षांत खातात, आणि माकडं पॅनलवर नाचतात, तिथे वेगळी योजना लागते. राजस्थानची योजना उचलून मालवणात ठेवली की झालं, असं नसतं. वाऱ्याचंही तेच. राज्यातल्या अगदी पहिल्या पवनचक्क्या ऐंशीच्या दशकात आमच्या देवगडला उभ्या राहिल्या. पुढे धंदा साताऱ्याच्या पठारावर गेला आणि देवगडच्या चक्क्या फोटो काढायच्या कामाच्या झाल्या.

भारनियमनाचं थोडक्यात सांगतो. ज्या भागात गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे जास्त तास लाईट जाणार, असा नियम होता. ऐकायला न्याय्य. आमच्याकडे आकडे टाकणारे कमी, बिल थकवायला लोक लाजतात. तरी लाईट जायचीच. मुंबईची जात नव्हती.

आता चुलीकडे वळतो, कारण ऊर्जा म्हटली की सगळे पुरुष मेगावॅटमध्ये बोलायला लागतात आणि घरातली अर्धी ऊर्जा तर स्वयंपाकघरात जळते. आमच्याकडे माड असल्यामुळे जळणाला तोटा नाही. सोडणं, करवंट्या, चुडतं, पिडे. फुकट. पण फुकट कोणाला? माझी आई पन्नाशीत खोकायला लागली ती शेवटपर्यंत खोकत होती. परवा मुंबईची जाऊ हिला म्हणाली, "चुलीवरच्या भाकरीची चवच वेगळी." ही म्हणाली, "मगे ऱ्हव हंयच, नि फुंक गो चूल चार म्हयने." पुन्हा विषय निघाला नाही.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर गरिबाच्या घरी आला, ही मोठी गोष्ट झाली. पण देशाला लागणाऱ्या त्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, बराचसा आखातातून. तिकडे खट्ट झालं की इकडे दर. दर चढला की आमच्या वाडीतल्या चार घरांत सिलिंडर कोपऱ्यात जातो आणि चूल पुन्हा पेटते. ही तर मुंद्र्याचीच गोष्ट झाली, फक्त बोटीऐवजी शेगडीवर.

याला आमच्याच जिल्ह्यात एक उत्तर सापडलेलं आहे आणि त्याची बातमी होत नाही. गोबरगॅस. कुडाळ तालुक्यात झारापला भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान म्हणून संस्था आहे. त्यांनी जिल्हा बँकेच्या कर्जाची सोय लावून देत हजारोंनी गोबरगॅस उभे केले. माझा दोन घनमीटरचा आहे. रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं, चार-पाच जनावरं हवीत. दोन घनमीटर गॅस म्हणजे साधारण नऊशे ग्रॅम सिलिंडरचा गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर पंधरा-सोळा दिवसांत भरला, असं समजा. वर जी स्लरी बाहेर पडते ती माडाला आणि कलमांना. ताउक्तेत सगळा जिल्हा काळोखात होता, तेव्हा आमच्या घरी भात शिजत होता, आणि शेजारच्या तीन घरांचाही. याला मी ऊर्जासुरक्षा म्हणतो. तिला समुद्र ओलांडून यावं लागत नाही.

अडचण आहे ती जनावरांची. मुलगे मुंबईला, गवत कापायला माणूस नाही, बिबटो वासरं नेतो, म्हणून लोक गुरं विकतात आणि टाकी सुकते. ज्या सरकारला एका प्रकल्पासाठी हजारो कोटी सापडतात त्याला गावागावांत एक सामाईक गोठा सापडत नाही.

समुद्रातही हेच चाललंय. रापण हाताने ओढतात, तिला डिझेल लागत नाही. एलईडीवाले ट्रॉलर जनरेटर लावून रात्रीचा दिवस करतात आणि सगळी मासळी एका जागी ओढून नेतात. २०१७ ला केंद्राने बंदी घातली, तरी उजेड दिसतोच. जो जास्त जाळतो त्याची मासळी, असा कायदा होऊन बसलाय. यावर वेगळा लेख लिहीन.

आमच्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचंय. आंदोलनात मी होतो, पुढेही असेन. पण प्रकल्प परतवला की हार घालून घरी जायचं, ही आमची खोड आहे. गिर्ये-मुणगं गेलं, २०१९ ला नाणारची रिफायनरीही गेली, ज्यात देवगडचीही दोन गावं होती. त्यानंतर आम्ही काय मागितलं? किनाऱ्यालगत तारा जमिनीखाली घाला, हे मागणं घेऊन दहा हजार माणूस रस्त्यावर उतरलं का? नाही उतरलं. 'नको'साठी उतरतो, 'हवं'साठी उतरत नाही. मग पुतण्याला बोलायला जागा मिळते. आणि पुतण्या विचारतो ते खरंच आहे की मुलांना काम कुठे आहे. चारशे केव्हीच्या प्रकल्पात आमच्या पोरांना वॉचमनची नोकरी मिळाली असती, हे त्यालाही ठाऊक आहे.

काम आहे. आमच्या वाडीतला एक मुलगा आयटीआय करून वायरमन झाला. रोज पहाटे मोटारसायकलने गोव्यात पेडण्याला जातो, तिथल्या हॉटेलांचं वायरिंग बघतो. इकडे आमच्या चार गावांना मिळून एक वायरमन, तोही कंत्राटी, पावसात त्याचा जीव टांगणीला. ताउक्तेत वाकलेला माझ्या कुणग्यातला पोल अजून सुंभाने माडाला बांधलेला आहे. अर्ज तीन दिले, पोचपावत्या माझ्याकडे आहेत. चार गावांना चार वायरमन द्या, त्यात त्या पोराला घ्या, पोल बदला. मग ऊर्जासुरक्षेवर परिसंवाद ठेवा, मी एसटीचं तिकीट काढून स्वतःच्या खर्चाने मालवणात येतो.