घमेलं पुढे सरकवा!

मागच्या आठवड्यात ऑफिसचं ‘लीडरशिप वर्कशॉप’ झालं. एसी हॉल, बुफे, वर सर्टिफिकेट. मला मात्र कॉलेजात असताना केलेली सोमनाथची छावणी आठवली.

चंद्रपूर जिल्ह्यात, मूलजवळ, बाबा आमटेंनी साठच्या दशकात सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी. मे महिना, 45 डिग्री! सकाळी कुदळ-फावडं, दुपारी चर्चा. तिथे बोलणारा नाही, घमेलं पुढे सरकवणारा लीडर ठरतो. 1973 मध्ये हेमलकशाचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा या छावणीत घडलेली काही पोरं थेट भामरागडच्या जंगलात गेली आणि तिथलीच झाली.

आणि मी? हातावरचे फोड बरे झाले, नोकरी लागली, विसरले.

यंदा धाकटी बहीण जातेय. आईला भीती, ती तिकडेच राहील. मला भीती, माझ्यासारखी परत येईल.