जर-तरचे जहाज

'इतिहासात जर-तरला स्थान नाही' हे वाक्य इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी वहीत उतरवून घेतलेले असते. परीक्षेत ते फार उपयोगी पडते, कारण ते कोठेही चपखल बसते. या वाक्याची फेरतपासणी करावी असे मला वाटू लागले ते एखाद्या जाडजूड ग्रंथामुळे नव्हे, तर संगणकावरच्या एका खेळामुळे. खेळाचे नाव 'टायटॅनिक : अॅडव्हेंचर आऊट ऑफ टाइम'. अमेरिकेतील नॉक्सव्हिल गावच्या सायबरफ्लिक्स या कंपनीने तो १९९६ साली तयार केला. आता तो इतका जुना झाला आहे की वसतिगृहातल्या साध्यासुध्या संगणकावरही चालतो. त्या खेळाविषयी आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खेळाची कथा अशी. १९४२ सालचे लंडन. महायुद्ध चालू आहे. कार्लसन नावाचा, नोकरी गमावलेला एक ब्रिटिश हेर एका खोलीत दिवस कंठतो आहे. तीस वर्षांपूर्वी टायटॅनिक जहाजावर सोपवलेली कामगिरी त्याला पार पाडता आली नव्हती. बाहेर बाँब पडतो आणि कार्लसन, म्हणजे खेळणारे आपण, थेट १४ एप्रिल १९१२ च्या रात्री त्या जहाजावरच्या आपल्या खोलीत जागे होतो. कामगिरी पुन्हा समोर असते. उमर खय्यामच्या रुबायांची एक रत्नजडित प्रत चोरीस गेली आहे, ती मिळवायची. शोध घेता घेता आणखी काही वस्तू समोर येतात : रशियन क्रांतिकारकांची नावे असलेली एक वही, एक चित्र, एक हार. चित्र तरुण हिटलरने काढलेले आहे. यातल्या कोणत्या वस्तू घेऊन आपण जहाजावरून सुटतो त्यावर पुढचे शतक ठरते. योग्य त्या वस्तू हाती आल्या तर पहिले महायुद्ध होत नाही, रशियात क्रांती होत नाही, हिटलर चित्रकारच राहतो. काही आल्या आणि काही राहिल्या, तर जग पूर्वीपेक्षाही वाईट झालेले दिसते.

'असले खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय' असे आपल्या गुरुजनांपैकी काहींचे मत आहे. त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. फक्त एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते की, बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा महाराष्ट्राने वाचल्या, त्या काही वाचनालयांच्या मेजांवरच वाचल्या असे नव्हे. झुंजार आणि काळा पहाड पाठ्यपुस्तकाच्या पोटात दडूनच घरोघर शिरले आणि त्यांच्यामुळे अनेकांना वाचनाची गोडी लागली. साहसाची भूक प्रत्येक पिढीला असते. ताट तेवढे बदलते.

शिवाय या खेळाला चांगले म्हणावे अशी कारणे आहेत. यात धडाधड गोळ्या झाडायच्या नसतात. माणसांशी बोलावे लागते, काय विचारायचे ते निवडावे लागते, आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याच्या बोलण्याशी ताडून पाहावे लागते. इतिहासाच्या पद्धतीत साधनांची चिकित्सा म्हणतात ती याहून फार वेगळी नाही. जहाजही कष्टाने उभे केले आहे. त्याचा तो भव्य जिना, खालची बॉयलरघरे हे सारे पायी हिंडून पाहता येते. कथा बाजूला ठेवून नुसता फेरफटका मारण्याचीही सोय आहे. टक्कर होईपर्यंत आपण कामे उरकू तसतसा काळ पुढे सरकतो. टक्कर झाल्यावर मात्र घड्याळ आपल्यासाठी थांबत नाही. ज्यांनी गोदावरी, पूर्णा आणि दुधना एवढेच पाणी पाहिले आहे, अशा आम्हा परभणीकरांना समुद्रावरची ती शेवटची रात्र अंगावर काटा आणते.

हेरकथेला असे जहाज फार सोयीचे असते. तेथून कोणी निघून जाऊ शकत नाही, दार लावून घेतले तरी शेजारी बदलत नाहीत, आणि गावातल्या उतरंडीसारखी सारी समाजरचना मजल्यामजल्यांनी रचलेली असते. वर श्रीमंत, खाली गरीब, आणि सर्वांत खाली कोळसा ओढणारे. माझा आक्षेप येथूनच सुरू होतो. या खेळात खालच्या मजल्यांवरची माणसेही भेटतात. पण ती भेटतात ती नायकाला एखादा धागा पुरवण्यापुरती. इतिहासाची किल्ली मात्र पहिल्या वर्गात खोली असलेल्या एका गृहस्थाच्या खिशात असते. वस्तू हाती आली की युग बदलते. जर-तरचा प्रश्न विचारला हे या खेळाने चांगलेच केले; परंतु तो भलत्याच ठिकाणी विचारला.

खऱ्या इतिहासातली आगबोटीवरची हेरकथा पाहायची तर फार लांब जायला नको. ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्स बंदरात 'मोरिया' या बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते पोहून फ्रान्सच्या भूमीवर पोचले, पकडले गेले आणि पुन्हा बोटीवर आणले गेले. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. पकडून स्वाधीन करण्यात अनियमितपणा झाला, तरी ब्रिटनने त्यांना परत करण्याचे कारण नाही, असा निवाडा २४ फेब्रुवारी १९११ रोजी लागला.

पण सावरकरांना ज्या आरोपांसाठी त्या बोटीतून हिंदुस्थानात आणले जात होते, त्यांतला एक धागा आधीच्या एका समुद्रप्रवासात सापडतो, आणि त्याची आठवण कोणी काढत नाही. १९०९ च्या आरंभी लंडनच्या इंडिया हाऊसमधला चतुर्भुज अमीन हा स्वयंपाकी बोटीने मुंबईला आला. त्याच्या पेटीला दुहेरी तळ होता आणि त्या चोरकप्प्यात वीस ब्राउनिंग पिस्तुले होती. स्वयंपाक्याच्या पेटीकडे कोण पाहतो? त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला तो त्या पिस्तुलांपैकी एकाने, आणि तो करणारा अनंत कान्हेरे आपल्या मराठवाड्यातल्या औरंगाबादेत शिकणारा विद्यार्थी होता. तो मार्ग कोणाला पटो वा न पटो, घटना घडली ती अशी. पुढे खटल्यात चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला. त्याला नायक म्हणता येत नाही आणि खलनायक म्हणून टाकूनही देता येत नाही. ज्याच्या हातून एवढे मोठे काम गेले तोच तुरुंगाच्या दारात मोडला, हे सत्य कोणत्याही खेळात बसणार नाही. खेळात फसलेला डाव पुन्हा मांडता येतो. त्या माणसाला दुसरा डाव नव्हता.

आता टायटॅनिककडेच वळू. त्या रात्री जहाजावर सुमारे बावीसशे माणसे होती आणि वीस जीवनौकांत मिळून ११७८ जणांचीच सोय होती. पंधराशेच्या आसपास माणसे गेली. पहिल्या वर्गातले साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गातले सुमारे पंचवीस टक्के. जवळच असलेल्या 'कॅलिफोर्नियन' जहाजावरचा एकुलता एक बिनतारी संदेशवाला यंत्र बंद करून झोपी गेला होता. 'कार्पेथिया' जहाजाने हाक ऐकली आणि सुमारे सातशे जणांना उचलले. खरे जर-तर येथे आहेत. जर नौका पुरेशा असत्या, जर रात्रपाळीला दुसरा माणूस असता! हे जर-तर रिकामटेकडेपणाचे नाहीत, कारण ते विचारले गेले म्हणूनच १९१४ साली लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला : जहाजावरच्या प्रत्येकासाठी जीवनौकेत जागा हवी आणि बिनतारी यंत्रावर पहारा हवा. रत्नजडित रुबायांची ती प्रत खरोखरच होती आणि ती जहाजाबरोबर बुडाली. तिच्यावाचून जगाचे काही अडले नाही. झोपलेल्या संदेशवाल्याने मात्र जगाला कायदा करायला लावले.

हेच जर-तर आपल्याकडे विचारले जात नाहीत, याचे वाईट वाटते. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढ अमावास्येसाठी गावाकडे निघालेले चाकरमानी त्यांत होते. जे वाचले त्यांतल्या कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. टायटॅनिकवरच्या वाद्यवृंदाची कथा आपल्याला पाठ असते. त्या कोळ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही.

कोकण दूर आहे, म्हणून आपल्या दाराशी येतो. देश स्वतंत्र झाल्यावरही तेरा महिने परभणी निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला ती मोकळी झाली. त्या काळात शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्यासाठी लुटली. तारीख ३० जानेवारी १९४८. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. उमरीची कथा कोणत्याही हेरकथेच्या तोडीची आहे : पाळत, सांकेतिक निरोप, रातोरात हललेला पैसा. या लढ्याच्या पुढाऱ्यांची नावे चौकांना आणि विद्यापीठांना आहेत आणि ती योग्यच आहेत. पण निरोप नेणारे कोण होते? सीमेवरच्या तळांसाठी भाकरी कोणी थापल्या? रझाकार दारात असताना 'घरात कोणी नाही' असे धीटपणे सांगणारी बाई कोण होती? ती बाई दुसरे काही बोलली असती तर काय झाले असते, हा माझ्या मते इतिहासातला अगदी योग्य जर-तर आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. जर-तरला वर्गातून हाकलून देऊ नये, कारण त्याच्यावाचून कार्यकारणभाव समजत नाही. एखादे कारण काढून घेतले तर इमारत उभी राहते की कोसळते हे पाहिल्याशिवाय ते कारण होते हे कसे कळावे? मात्र तो प्रश्न विचारताना आपण नेहमी एका पराक्रमी माणसाकडे आणि एका चमत्कारी वस्तूकडेच पाहत राहिलो, तर खेळातली ही सवय आयुष्यातही उतरते. मग दुष्काळ पडला की कोणी तरी एक येईल आणि सारे सुरळीत करील, अशी वाट पाहणे सुरू होते. आपल्या मराठवाड्याने अशी वाट पुष्कळ पाहिली आहे.

तेव्हा मित्रांनो, खेळ जरूर खेळा. या खेळातले जहाज सुंदर आहे आणि ते बुडते तेव्हा खरोखर वाईट वाटते. पण सुटीत गावी गेलात की आणखी एक हेरगिरी करा. १९४८ साली जे जाणते होते ते आज नव्वदीच्या घरात किंवा पुढे आहेत. जिंतूर, सेलू, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, मानवत या आपल्या तालुक्यांत अशी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. त्यांच्याजवळ बसा, एकाचे बोलणे दुसऱ्याशी ताडून पाहा, आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. ज्यांच्या घरी असे कोणी उरले नसेल, त्यांनी शेजारच्या घरात विचारावे. आपल्या पुढच्या वार्षिकांकात अशा दहा आठवणी छापता आल्या, तर पुढच्या एखाद्या विद्यार्थ्याला इतिहासाची किल्ली कोणाकोणाच्या कनवटीला होती, हे शोधायला परक्या जहाजावर चढावे लागणार नाही.