पहाडी जलपर्यटन : धोका धरणाच्या दारांशीही

नवी दिल्ली : मैदानी प्रदेश तापू लागताच पर्यटकांची पावले बियास आणि गंगेच्या खोऱ्यांकडे वळतात. याच दिवसांत हिम वितळून नद्यांचा प्रवाहही वाढतो. नियमनाचा भर आजवर प्रामुख्याने राफ्टिंगवर राहिला आहे. हिमाचलमध्ये १५ जुलै ते १५ सप्टेंबर ते बंद असते. उत्तराखंड उच्च न्यायालयानेही जून २०१८ मध्ये नियमावली तयार होईपर्यंत त्यावर बंदी घातली होती. मात्र ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ वाहून गेलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी व सहल-मार्गदर्शक नौकेत नव्हते. ते नदीपात्रात उतरले होते. लारजी जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्याने त्यांना गाठले. म्हणूनच लाइफ जॅकेटइतकीच, धरणाची दारे उघडण्यापूर्वी काठावरील प्रत्येकापर्यंत पोहोचणारी सूचना महत्त्वाची ठरते.