बांध आणि बांधिलकी

दिवाळी आली की वाड्याच्या अंगणात, चाळीच्या जिन्यापाशी आणि आता मोठ्या इमारतींत मोटारी उभ्या करण्याच्या जागेतही मुलांचे किल्ले उभे राहतात. किल्ल्याच्या उतारावर हळीव किंवा मोहरी पेरायची आपल्याकडे चाल आहे. मोठ्या माणसांना वाटते, ही नुसती शोभा. पण ज्या मुलाने किल्ला चार दिवस राखला असेल त्याला विचारा. जेथे हळीव दाट उगवले, तेथली माती पाणी शिंपडले तरी जागची हलत नाही. जेथे माती उघडी राहिली, तेथे पहिल्याच तांब्याला ओघळ पडतो. केसाएवढ्या मुळांनी माती मुठीत धरलेली असते. मोठमोठ्या नद्यांच्या काठी शेकडो किलोमीटर लांबीचे जे मातीचे बांध आहेत, त्यांचे रक्षणही पुष्कळसे याच विद्येवर चालते.

बांध हा शब्द आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. दोन भावांच्या शेतांमधल्या वीतभर बांधापायी तीन पिढ्या कोर्टाची पायरी चढल्याची उदाहरणे कोणत्याही तालुक्यात सापडतील. दरवर्षी नांगरटीच्या वेळी हळूच बांध कोरणारा शेजारी हे तर आपल्या ग्रामीण कथेतले नेहमीचे पात्र. नदी ही अशीच एक बांध कोरणारी शेजारीण आहे. फरक इतकाच, की तिच्यावर दावा लावता येत नाही.

या शेजारणीचा खरा स्वभाव पाहायचा तर उत्तर बिहारात जावे लागते. तेथे कोसी नावाची नदी आहे. हिमालयातून सात प्रवाह गोळा करून ती नेपाळमार्गे मैदानात उतरते आणि पुढे गंगेला मिळते. उतरताना ती एवढा गाळ आणते की तिचे पात्र तिनेच भरून जाते, आणि पात्र भरले की ती बिऱ्हाड बदलते. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ती अशी सरकत सरकत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे गेली. पुण्याहून निघालेली नदी नातवंडांच्या काळात खोपोलीच्याही पलीकडे पोहोचावी, तसा हा प्रकार! 'बिहारचे दुःख' हे नाव तिला उगाच पडलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर या नदीला आवरण्याचे ठरले. १९५५ च्या जानेवारीत कामाला आरंभ झाला. गावोगावचे लोक भारत सेवक समाजाच्या हाकेला ओ देऊन श्रमदानाला आले. डोक्यावर मातीच्या पाट्या वाहिल्या. दोन्ही काठ मिळून सुमारे अडीचशे किलोमीटरचे बांध उभे राहिले. नेपाळच्या सरहद्दीवर दरवाजांचा मोठा बंधाराही बांधला गेला. ९.५ लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला साडेनऊ लाख घनफूट पाणी वाहून जाईल, असा त्याचा हिशेब होता. आता कोसी जागेवर राहील, असे सर्वांना वाटले.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा गावाजवळ, या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बारा-तेरा किलोमीटरांवर, पूर्वेकडचा बांध फुटला. त्या दिवशी नदीत पाणी किती होते? सुमारे १.४४ लाख क्युसेक. साडेनऊ लाखांच्या हिशेबाने बांधलेली व्यवस्था त्याच्या सहाव्या हिश्शालाही टिकली नाही. पाणी बांधाच्या डोक्यावरून गेलेच नाही. नदीने बांधाचा पाय कोरला. तिला बांधापासून दूर ढकलण्यासाठी पात्रात आडव्या घातलेल्या दगडी सोंडा आधीचे कित्येक दिवस ढासळत होत्या. या सोंडांना तिकडे 'ठोकर' म्हणतात. मराठीत ठोकर आपण खातो. बिहारात ती नदीने खावी अशी योजना असते. नदीने ठोकर खाण्याऐवजी ठोकरच खाल्ली. मग तिने आपली जुनी, कधीच सोडून दिलेली वाट धरली. त्या वाटेवर आता गावे होती, शाळा होत्या, बाजार होते, आणि पूर कसा असतो हे ठाऊक नसलेली माणसे होती. तीस लाखांवर लोकांना या पुराचा तडाखा बसला आणि शेकडो माणसे दगावली.

मातीचा बांध फुटतो तो चार वाटांनी. पहिली वाट सर्वांना दिसते: पाणी माथ्यावरून वाहते आणि पलीकडचा उतार धुऊन नेते. दुसरी कुसह्याची: प्रवाह पायथा कोरतो आणि वरची माती आपल्याच वजनाने कोसळते. तिसरी वाट बिळांची. उंदीर, घुशी आणि कोल्हे यांना कोरडा, उंच बांध म्हणजे आयते घर. २०१७ साली बिहारच्या जलसंपदा मंत्र्यांनी बांध फुटण्याचा दोष उंदरांवर ठेवला, तेव्हा देशभर हशा झाला. हसणाऱ्यांचेही खरे होते आणि मंत्र्यांचेही. उंदीर बांध पोखरतात हे खरेच. पण उंदीर पोखरतील हे काही कोणाला नव्याने कळलेले नव्हते. बीळ शोधून बुजवणे हे उंदराचे काम नव्हे.

चौथी वाट सर्वांत फसवी. पाणी बांधाच्या खालून, वाळूच्या थरातून पाझरते आणि कोरड्या बाजूला पायथ्याशी झऱ्यासारखे वर येते. पाणी नितळ असेल तोवर चिंता थोडी. त्यात वाळू आणि गाळ येऊ लागला, की समजावे, बांधाचे पोट आतून रिकामे होत आहे. अडाण्याला वाटते, भोक दिसले की बोळा कोंबावा. जाणता माणूस तसे करत नाही. कोंबलेले पाणी दुसरीकडून फुटते. तो त्या झऱ्याभोवती वाळूच्या पोत्यांचे गोल कडे रचतो आणि त्यात पाणी साचू देतो. साचलेल्या पाण्याचे वजन खालून येणाऱ्या पाण्याला थोपवते; वाळू वाहायची थांबते, आणि नितळ पाणी सावकाश निघून जाऊ दिले जाते. रागावलेल्या माणसाचे तोंड दाबण्यापेक्षा त्याला थोडे बोलू द्यावे, असे आपल्या आज्या म्हणत. नदीच्या बाबतीतही शास्त्र तेच सांगते.

बाकीचे उपाय ऐकायला अगदी साधे आहेत. उतारावर गवताची दाट हिरवळ राखावी. मोठी झाडे मात्र बांधावर वाढू देऊ नयेत. वाऱ्याने खोड हलले की माती सैल होते, आणि झाड मेले की कुजलेली मुळे पाण्याला वाट करून देतात. पावसाने पडलेली घळ त्याच हंगामात भरून, चोपून घ्यावी. पायथ्याशी तारेच्या जाळीत बांधलेले दगड ठेवावे. पावसाळ्याआधी सबंध बांध पायी चालून पाहावा आणि पुरात रात्रंदिवस गस्त ठेवावी. यात बुद्धीला दिपवणारे काही नाही, आणि खरी अडचण तीच आहे. नव्या बांधाचे उद्घाटन होते, हार पडतात. बुजवलेल्या बिळाचे उद्घाटन झालेले कोणी ऐकले आहे काय?

मग हे काम करायचे कोणी? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या घराशेजारीच, कोकणात होते. पेण-अलिबागच्या खाडीकाठी खारे पाणी अडवून केलेली भातशेती आहे. तिला राखणारे मातीचे बांध पिढ्यान्‌पिढ्यांचे. तेथली बोली या बांधांवर पोसली आहे: बांध फुटला की 'खांड गेली' म्हणतात; पाणी बाहेर सोडण्याच्या दाराला 'उघाडी'. कुलाबा जिल्ह्यात 'शिलोत्री' नावाची जमीनपद्धत होती. तीत बाहेरचा बांध राखण्याबद्दल बिघ्यामागे एक मण भात जास्त घेतला जाई. बांधाची राखण ही हिशेबाच्या वहीत लिहिलेली बाब होती. शिवाय खांड गेली की सारा गाव धावे, कारण ओहोटीच्या सहा तासांत ती बुजली नाही, तर पुढची भरती ती दुप्पट करणार आणि खारे पाणी पुढचे कित्येक हंगाम नासवणार. ती पद्धत काही रामराज्य नव्हती. राबणारे कूळ आणि मण मोजून घेणारा खोत किंवा सावकार यांचे नाते काय होते, हे १९३३ साली सुरू झालेल्या चरीच्या शेतकरी संपाने जगाला दाखवले. पण बांध कोणाचा, या प्रश्नाला तेथे उत्तर होते. पुढे १९४८ चा आणि मग १९७९ चा खारजमिनींचा कायदा झाला, बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. हेतू चांगलाच होता. परंतु गावाचा बांध 'सरकारी' झाला आणि खांड गेल्यावर फावड्याऐवजी अर्ज हातात आला. आज त्या पट्ट्यात कित्येक ठिकाणी भाताच्या जागी खारफुटीचे रान उभे आहे.

बांध राखला म्हणजे सारे प्रश्न मिटले, असेही नाही. बांधात कोंडलेली नदी आपला गाळ पात्रातच टाकते, पात्र वर येते आणि बांध तुलनेने ठेंगणा होतो. कोसीच्या दोन बांधांमध्ये तीनशेहून अधिक गावे अडकलेली आहेत. बाहेरच्यांचे संरक्षण ही त्यांची शिक्षा ठरली. दिनेशकुमार मिश्र या अभियंत्याने याविषयी आयुष्यभर लिहिले. त्यांनी पुढे मांडलेले सरकारी आकडे विचार करायला लावतात: १९५४ मध्ये बिहारात सुमारे १६० किलोमीटर बांध होते आणि २५ लाख हेक्टर जमिनीला पुराचे भय होते; १९९४ पर्यंत बांध तीन हजार किलोमीटरांच्या वर गेले, आणि भयाखालची जमीन ६८.८ लाख हेक्टर झाली. २०२४ च्या सप्टेंबरअखेर कोसीच्या बंधाऱ्यातून ६.६१ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले, १९६८ नंतरचे सर्वांत जास्त. तेव्हाही बांध ठिकठिकाणी फुटले.

हे सारे दूरच्या बिहारचे, असे म्हणून पान उलटू नका. २००५, २०१९, २०२१ या सालांत कृष्णा-पंचगंगेचे पूर आपण पाहिले. दर पुरानंतर नदीला भिंती घाला, अशी मागणी आपल्या शहरांतूनही होते. भिंत घालावी की न घालावी, हे जाणत्यांनी ठरवावे. पण घालणार असू, तर त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी ठरवाव्यात: भिंतीच्या आत नदीला पसरायला जागा किती ठेवणार, आणि पुढची पन्नास वर्षे दर वैशाखात तो बांध पायी चालून कोण पाहणार? त्या माणसाचा पगार आधी मंजूर करावा, मगच दगड मागवावा.

'बांध' आणि 'बांधिलकी' हे दोन्ही शब्द 'बांधणे' या एकाच क्रियापदाच्या पोटचे. थोरला भाऊ मातीने उभा राहतो, धाकटा माणसांनी. धाकटा घर सोडून गेला, की थोरला फार दिवस काढत नाही.