उत्तरवयांतील विद्यारंभ

आमच्या ४२ वर्षांच्या पुतण्यानें हिशेबनिसाची नोकरी सोडून संगणकाच्या व्यवसायांत शिरण्याचा मनोदय सांगितला, तेव्हां आम्हीं त्यास दटावलें. मागाहून लाज वाटली. विद्येस वय नसतें, हें जन्मभर मुलांस सांगणारे आम्हीच ना?

अमेरिकेंतील ग्रेस हॉपर मूळच्या गणिताच्या अध्यापिका. १९४४ सालीं, ३७ व्या वर्षीं, हार्वर्डच्या ‘मार्क वन’ यंत्रावर त्यांनीं कामास आरंभ केला. १९५२ त आरंभींच्या ‘कंपायलरां’पैकीं एक सिद्ध केला. पूर्वीचें गणित वायां गेलें नाहीं, तेंच भांडवल ठरलें.

पुतण्याचें भांडवल हिशेब. म्हणून आमची अट एकच: वर्षभर पहाटे दोन तास अभ्यास करून जमाखर्चाचें एक काम यंत्राकडून करवून दाखवावें, राजीनामा मागाहून. आणि त्या दोन तासांत घरांतील कोणीही त्यास दूध आणावयास धाडूं नये!